जुनी फाईल, जत्रेची तारीख

जुन्या खुनाची कादंबरी लिहिताना खुनी कोण, हे मी सगळ्यात शेवटी ठरवते. आधी मला कळायला हवं असतं, तेव्हा तपास का थांबला. मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात विहिरीत बाईचं प्रेत सापडतं. पोलीस पाटील वर्दी देतो, दोन पंच बोलावून पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि कागद फडक्यात बांधले जातात. सगळं रीतसर. माझी कादंबरी त्या रीतसरपणात सुरू होते.

तपास असा थांबल्याचा सगळ्यात भयंकर दाखला शेजारच्या गोव्यातला आहे. एप्रिल 2009 मध्ये महानंद नाईक पकडला गेला. शिरोड्याचा रिक्षावाला, वेंगुर्ल्याचं शिरोडं नव्हे, फोंडा तालुक्यातलं. लग्नाचं आमिष दाखवायचं, दागिने घालून बोलवायचं आणि दुपट्ट्याने गळा आवळायचा. त्याने 16 खुनांची कबुली दिली, त्यातला पहिला 1994 मधला. मग बेपत्ता मुलींच्या जुन्या फायली धडाधड उघडल्या गेल्या. मुलगी लग्न करून कुठेतरी सुखात असेल, अशी मनाची समजूत घातलेली घरं होती. गरीबाघरची, वय वाढलेली मुलगी नाहीशी झाली तर फार कोणी विचारत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही आणि इतक्या वर्षांनी दुसरं हाती काय लागणार? बऱ्याच खटल्यांत तो सुटला, मोजक्यांत जन्मठेप झाली.

म्हणून फाईल उघडली की न्याय मिळालाच, असं लिहिणं मला खोटं वाटतं. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही, हे खरं. ‘ए समरी’ होऊन, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असं म्हणून, बंद झालेलं प्रकरण नवा धागा मिळाल्यावर पुन्हा तपासाला घेता येतं. पण अपिलाची वाट सोडली तर निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालत नाही. कितीतरी रहस्यकथा इथे आपटतात.

उरते माणसांची आठवण. आमच्याकडे ती कॅलेंडरला धरून चालत नाही. सध्या लिहीत असलेल्या कादंबरीत एक म्हातारी सांगते, विहिरीतली म्हणून जिची नोंद झाली त्या बाईला तिने आंगणेवाडीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पाहिलं होतं. भराडीदेवीच्या या जत्रेला ठरलेली तिथी नाही. दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. तेव्हा माझा फौजदार त्या वर्षीची तारीख शोधत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसतो. पावसाळी दमटपणाने पानं एकमेकांना चिकटलेली. तारीख सापडते. पंचनामा जत्रेच्या आदल्या दिवशीचा निघतो. म्हणजे एकतर म्हातारी वर्ष चुकते आहे, नाहीतर विहिरीतलं प्रेत त्या बाईचं नव्हतंच. मग ते कोणाचं?

फौजदार तिला विचारतो, “आजी, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तेवा माका कोणी इचारूकच नाय, मगे सांगतलंय कोणाक?”

हे वाक्य मला खुनाच्या प्रसंगापेक्षा जास्त हादरवतं. गाव लहान, सगळ्यांना सगळं माहीत, असं आपण म्हणतो. माहीत असतंच. पण पंचनाम्यावर सह्या पुरुषांच्या, आणि पाणवठ्यावर कोण आलं, कोण आलं नाही, हे बघितलेलं असतं बायकांनी. त्यांचा जबाब घ्यायला ओसरी ओलांडून मागच्या पडवीत जावं लागतं.

नव्याने रहस्यकथा लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मेलेली बाई कोण, तिच्या अंगावर काय होतं, त्या दिवशी ती कुठे निघाली होती आणि तिची वाट कोण बघत होतं, हे लिहून झाल्याशिवाय खुन्याचं नाव कागदावर आणू नका.