परंड्याची तोफ आणि तुर्की शब्द

कुंथलगिरीचे दर्शन घेतलेले यात्रेकरू बहुधा तेथूनच घरचा रस्ता धरतात. देशभूषण-कुलभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला तोही येथेच. अशा टेकडीवरून उतरल्यावर किल्ला पाहण्याची इच्छा कोणाला होणार? आम्ही मात्र भूममार्गे परंड्यास गेलो, आणि त्याला कारण झाला आमचा पुतण्या.

डाळींच्या व्यापारानिमित्त तो तुर्कस्तानातील मेर्सिन बंदरी जाऊन आला होता. तेथील भाषेचा गंध नाही. उपाहारगृहात त्याच्या तोंडून सहज ‘हिशेब’ हा शब्द निघाला आणि वाढप्याने बिल आणून ठेवले! तिकडे बिलाला ‘हेसाप’ म्हणतात. मग त्याने कान उघडे ठेवले. दुकान ते ‘द्युक्यान’, तराजू ती ‘तेराझी’, वही ती ‘देफ्तेर’, आणि माल तो मालच. रविवारचे नाव ‘पाझार’, म्हणजे बाजाराचा दिवस. साखरेला ‘शेकेर’, हा शब्द तर आपल्याच शर्करेचा, फारसीतून तिकडे पोहोचलेला. पेढीवरचे हे बाकीचे शब्दही मूळ तुर्की नव्हेत. अरबी-फारसीतून त्यांनीही घेतले, आपणही घेतले. खास तुर्की शब्द आपल्याकडे आले ते फौजेबरोबर. ‘कुमक’ त्यातला, ‘तोफ’ही त्यातलाच.

तोफेसाठीच परंडा. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, बुरुजांवर अजूनही तोफा आहेत. परंतु ज्या तोफेने या गावाचे नाव इतिहासात गेले ती येथे नाही. ‘मलिक-ए-मैदान’ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूम देशाचा. आजच्या तुर्कस्तानाची भूमी पूर्वी पूर्व रोमन साम्राज्यात होती, म्हणून तिला रूम म्हणत. (आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथले कापड भरुचमार्गे रोमच्या व्यापाऱ्यांपर्यंत जात असे. तेव्हा रोमशी आपला संबंध आधी कापडाचा, तोफेचा फार मागाहून.) सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ पुढे परंड्यास आली आणि १६३२ साली आदिलशाहीने ती विजापुरास नेली. तेथे बुरुजावर ती आजही पाहता येते. तिचे तोंड सिंहाच्या जबड्याचे, आणि जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. सिंह महावीरस्वामींचे लांछन, हत्ती अजितनाथांचे. ते शिल्प मी विजापुरास पाहिले तेव्हा मन खिन्न झाले होते.

खंदकाबाहेर मुले चेंडू खेळत होती. पुतण्या म्हणाला, “काका, तुर्कीत ‘तोप’ म्हणजे तोफ, आणि चेंडूही ‘तोप’च. मूळ अर्थ गोल वस्तू.” मला पुन्हा एकदा विचारून घ्यावेसे वाटले.

परतताना जिल्ह्याच्या नावाचा विषय निघाला. आमच्या जुन्या वह्यांवर ‘उस्मानाबाद’ छापलेले आहे. ते नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. तुर्की राजघराण्याच्या मूळ पुरुषाचे नावही तेच, उच्चार ‘ओस्मान’; आणि १९३१ साली या निजामाच्या दोन मुलांचे विवाह फ्रान्समधील नीस येथे त्याच घराण्यातील दुर्रूशेहवार आणि निलोफर या राजकन्यांशी झाले. २०२३ पासून जिल्हा धाराशिव झाला. ज्या लेण्यांत पार्श्वनाथ विराजमान आहेत त्यांचे नाव जिल्ह्याला मिळाले, याचा मला आनंद आहे.

त्या आनंदाच्या भरात आमच्या गावच्या समाजाच्या बैठकीत एका सद्गृहस्थांनी सूचना मांडली, की वार्षिक अहवालातले परकीय शब्दही काढून टाकावेत, ‘हिशेब’ नको. मी विरोध केला. ज्या शब्दाने आजोबांनी पेढी चालवली आणि कोणाची पैही बुडवली नाही, तो मला परका वाटत नाही. वाद वाढला. अखेर एका वृद्धांनी तोड सुचवली, “हिशेब राहू द्या, ‘जमाखर्च’ लिहू या.” सर्वांनी माना डोलावल्या. पुतण्या माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला, “काका, जमा अरबी, आणि खर्चही अरबी.”

अहवालात ‘जमाखर्च’ छापला आहे.