स्वस्त बंदूक, खांद्याला लावून

रविवार, रात्र. ओहायो.

आज क्लबात ती जुनी एकनळी ट्रॅप बंदूक पुन्हा हातात घेतली. किंमत नव्या नामांकित बंदुकीच्या निम्म्याहून कमी. दस्त्यावर ओरखडे, पॉलिश उडालेलं. तिकडे लक्षच दिलं नाही. नळी रिकामी असल्याची खात्री केली, पुढचं लाकूड काढलं आणि दस्ता धरून नळी हलवून पाहिली. बिजागरीत जराही खुळखुळ नाही. वरची लिव्हर अजून मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडेच थांबते, म्हणजे झीज फार नाही.

मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला, डोळे उघडले. नळीवरचा मधला मणी आणि पुढचा मणी एकावर एक, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे! माझ्या लेखी हीच खरी परीक्षा. बंदूक अंगाला बसत नसेल तर ती कितीही महाग असो, हवेत उडणारी १०८ मिलिमीटरची तबकडी हुलकावणी देणारच.

४० यार्डांवर कागद लावून पाच काडतुसं उडवली. छर्रे मध्याच्या जरा वर पडले. तेच हवं होतं. तबकडी वर चढत असते.

गेल्या वर्षीच्या चकचकीत बंदुकीचा चाप ऐन फेरीत अडकला होता, ते अजून सलतं. हिचाही चाप थोडा जड वाटला. एका फेरीला २५ काडतुसं लागतात, तोही खर्च धरायला हवा. आधी कारागिराला दाखवीन, मगच पैसे देईन.