अण्णांचे वेब्ली

आमच्या सौ.चे असे ठाम मत आहे की, १९८४ साली सोनगडला आम्ही जे स्थळ पाहावयास गेलो ते तिचे नव्हतेच. ते तिच्या वडिलांच्या कपाटातील रिव्हॉल्व्हरचे होते. चाळीस वर्षे हा आरोप आम्ही ऐकत आलो आहोत आणि सरकारी नोकराला शोभेल अशा रीतीने त्याचा स्पष्ट इन्कार कधी केलेला नाही. पोहे आले, मुलगी आली, प्रश्नोत्तरे झाली, हे सर्व खरे. परंतु बोलण्याच्या ओघात अण्णांनी, म्हणजे आमच्या भावी सासऱ्यांनी, कातडी म्यानातून वेब्ली अँड स्कॉटचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले, अंगठ्याने बाजूची कळ दाबून ते मधोमध मोडले, सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली, चक्र उजेडाकडे धरून त्यातून एकदा खिडकीकडे पाहिले आणि मगच ते आमच्या हातात दिले. त्यानंतर आम्हाला विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्या वडिलांना द्यावी लागली, असे सांगतात.

हा मोह मात्र सोनगडचा नव्हे; तो भेस्तानचा. तापी व्हॅली रेल्वेचे रूळ १९०० साली पूर्ण झाले आणि त्या रुळांवरून खानदेशातील जी कुटुंबे सुरतेच्या बाजूस सरकत आली, त्यांपैकी अमळनेरचे आमचे एक. वडील रेल्वेत होते. आज पांडेसरा आणि सचिनच्या मधोमध यंत्रमागांच्या खडखडाटात भेस्तानचे स्टेशन उभे आहे. आमच्या लहानपणी फलाटावरून उतरले की भाताची खाचरे लागत. एके दिवशी, १९७० च्या सुमारास, चोरीच्या तपासाला आलेले एक फौजदार आमच्या ओसरीवर चहाला बसले. त्यांच्या खांद्यावरून खाकी दोरी उतरून कमरेच्या म्यानात गेली होती. आम्ही बारा वर्षांचे. नजर हटेना, तेव्हा त्या भल्या माणसाने शस्त्र बाहेर काढले आणि मोडून दाखविले. खट् असा आवाज झाला, नळी खाली झुकली आणि सहाही काडतुसे एखाद्या फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे एकदम वर आली. तो आवाज आम्ही अजून विसरलेलो नाही. त्याच काळात बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या कथा आम्ही पाठ्यपुस्तकात दडवून वाचीत होतो. त्या पानांवर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर ही एकच वस्तू असल्यासारखी भासे. वास्तविक नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर रोखले ते ब्राउनिंग पिस्तूल होते, त्याला फिरते चक्र नव्हते. हा भेद आम्ही मित्रांना समजावून सांगत असू आणि मित्र आम्हाला टाळीत असत.

ज्यांना या विषयात गोडी नाही, त्यांनी पुढील परिच्छेद खुशाल वगळावा. जुन्या रिव्हॉल्व्हरात प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. चाप केवळ त्याला सोडण्याचे काम करी. कोल्टची कीर्ती याच रचनेवर उभी आहे. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८५१ मध्ये जे शस्त्र पुढे आणले, त्यात चाप ओढला की घोडाही उठे, चक्रही एक घर फिरे आणि घोडा पडेही. पुढे १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दोन्ही सोयी एकत्र केल्या : घाई असेल तर नुसता चाप, अचूकता हवी असेल तर आधी अंगठा. यालाच दुहेरी क्रिया म्हणतात. बर्मिंगहॅमच्या वेब्लीने ती पत्करली आणि १८८७ पासून ब्रिटिश फौजेला आपले मोडते रिव्हॉल्व्हर पुरविले. पुढे सरकारने वेब्लीच्या .३८ नमुन्यावरून स्वतःच्या एनफिल्ड कारखान्यात शस्त्र बनवून १९३२ साली स्वीकारले, तेव्हा कंपनीने संशोधनखर्चाचे २२५० पौंड मागितले. दावा फेटाळला गेला; मग आयोगाकडे जाऊन १२५० पौंड पदरात पडले. सरकारी फायलीत आयुष्य गेलेल्या माणसाला या हकिकतीत शस्त्राइतकाच रस वाटतो.

नोकरी लागल्यावर आम्ही नशिबाने नेमके एका जिल्हा कचेरीच्या त्या शाखेत जाऊन बसलो, जिथे शस्त्रपरवान्यांचे अर्ज येत. शेतकरी, सराफ, पेट्रोलपंपवाले, सर्वांच्या अर्जांवर टिपण आम्ही लिहीत असू. ‘अर्जदारास शस्त्राची गरज सिद्ध होत नाही’ हे वाक्य आमच्या हातून किती वेळा उतरले असेल, याची गणती नाही. त्यात अप्रामाणिकपणा नव्हता. १९५९ चा शस्त्र कायदा आम्हाला मुखोद्गत होता आणि बहुतेकांना गरज खरोखरच नसे. मात्र स्वतः अर्ज करण्याचा विचार मनात आला की तेच वाक्य आमच्याच अक्षरात समोर उभे राही. आम्ही कुणाचे शत्रू नव्हतो, रोकड वाहत नव्हतो. आवड हे कारण कोणत्याही नमुन्यात बसत नाही. शिवाय फौजदारांचे ते .३८ बोअर सामान्य नागरिकासाठी नव्हेच; त्याच्या वाट्याला .३२. ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात थांबल्यावर जुन्या वेब्लींच्या किमती अशा वाढल्या की, वर्ग दोनच्या अधिकाऱ्याने नुसते पाहून समाधान मानावे. कानपूरचा सरकारी कारखाना त्याच धर्तीचे .३२ रिव्हॉल्व्हर बनवू लागला, ते आम्ही हाताळले. चांगले आहे. पण ज्याने हापूस खाल्ला आहे त्याला हे सांगण्यात अर्थ नाही.

अण्णा इमारती लाकडाचे ठेकेदार होते. गायकवाडांच्या उदयाचे जे पहिले ठाणे, त्या सोनगडच्या किल्ल्याखाली त्यांचे घर. डांगच्या बाजूला मजुरांचा पगार रोख घेऊन जावा लागे, म्हणून १९६६ साली त्यांनी परवाना काढला आणि नवसारीच्या एका पारशी गृहस्थाकडून हे वेब्ली घेतले. त्यांनी ते कोणावर रोखल्याचे ऐकिवात नाही. दर दसऱ्याला ते पाटावर मांडले जाई आणि त्या दिवशी जावयाला ते पुसण्याचा मान मिळे. आमच्या मालकीची इच्छा अण्णांना ठाऊक होती. “माझ्यामागे तुमचंच,” असे ते हसून म्हणत, आणि आम्हीही हसत असू. ज्या वस्तूसाठी दुसऱ्याच्या जाण्याची वाट पाहावी लागते, तिच्याविषयी फार बोलू नये.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या सासूबाई गेल्या. रुग्णालयात नेल्यावर कोणाला त्यांचे दर्शन झाले नाही. मेहुणे परदेशात अडकलेले. श्रावणात आम्ही उभयता सोनगडला गेलो, तेव्हा दुपारी अण्णांनी आम्हाला एकट्याला मागल्या पडवीत बोलाविले.

“जावईबापू, ते आता तुम्ही घेऊन जा.”

खरे तेच लिहितो : पहिल्या क्षणी आम्हाला आनंद झाला. बारा वर्षांच्या मुलाला व्हावा तसा. तो चेहऱ्यावर उमटलाही असावा, कारण अण्णांनी दुसरीकडे पाहिले आणि म्हणाले, “मला ते घरात नको. रात्री झोप लागत नाही. आणि अंधारातसुद्धा कपाट कुठे आहे ते कळतं.”

आम्ही काही बोललो नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला काय सांगावयाचे? परवाना त्यांचा असल्यामुळे शस्त्र आम्ही उचलून नेणे हा गुन्हा ठरला असता, आणि त्या दिवशी रविवार. ती रात्र आम्ही अण्णांच्या खोलीत काढली. गप्पा मारावयाच्या आहेत असे निमित्त सांगितले आणि आमची खाट कपाटाला लावून घेतली. गप्पा थोड्याच झाल्या. बराच वेळ दोघेही जागे होतो व दुसरा जागा आहे हे दोघांनाही कळत होते. पहाटे केव्हातरी अण्णांचे घोरणे ऐकू आले तेव्हा आम्हाला हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी अण्णा पुढल्या आसनावर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही गाडी हाकीत सुरतेस आलो. कायद्याच्या एकविसाव्या कलमाखाली शस्त्र व काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली, पावती घेतली. दुकानातून बाहेर पडताच अण्णांनी उसाचा रस मागितला. सौ.ला आम्ही इतकेच सांगितले की, नूतनीकरणाच्या खेपा आता त्यांना झेपत नाहीत. तिने पुढे काही विचारले नाही.

२०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल, तर त्याच्या हयातीतच शस्त्र वारसाच्या नावे होऊ शकते आणि जावयाची गणना वारसांत होते. म्हणजे गरज सिद्ध करण्याच्या प्रश्नातून आम्ही सुटलो. निदान कागदावर. चौकशीला आलेल्या तरुण शिपायाने चहाचा पेला खाली ठेवून विचारलेच, “काका, तमने आनी शी जरूर छे?” आम्ही त्याला नियमाचा क्रमांक सांगितला. त्याने वहीत लिहून घेतला. पुढे वैद्यकीय दाखला आला, त्यात मनःस्थितीचाही रकाना होता. तो भरला जात असताना आम्हाला सोनगडची पडवी आठवली. शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणात एक वेगळीच फजिती झाली. शिक्षकांनी कानपुरी रिव्हॉल्व्हर हाती दिले आणि नुसत्या चापाने झाडावयास सांगितले. दुहेरी क्रियेत चाप जड असतो. सांधेदुखीने धरलेले आमचे बोट अर्ध्या वाटेवर थरथरू लागले. “अंगठ्याने घोडा ओढून घ्या, सोपे जाईल,” ते म्हणाले. सोपे गेले, नेमही बरा लागला. परंतु ज्या एका ओढीसाठी पन्नास वर्षे जीव टाकला, ती आमच्या हातात आता उरलेली नाही, एवढे त्या दिवशी कळले.

परवाना जानेवारी २०२४ मध्ये हाती पडला, वेब्ली फेब्रुवारीत घरी आले. १६ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि ठाण्यातून निरोप आला की, शस्त्र जमा करावे. सुरतेची जागा तर त्या वर्षी मतदानाविनाच बिनविरोध निकालात निघाली. पण आमचे भेस्तान लोकसभेला नवसारी मतदारसंघात मोडते. आमच्याकडे ७ मे रोजी रीतसर मतदान झाले आणि वेब्ली जूनपर्यंत ठाण्याच्या कपाटात राहिले. पन्नास वर्षांची प्रतीक्षा व जेमतेम महिनाभराचा सहवास! मित्रमंडळींनी यावर मनसोक्त करमणूक करून घेतली.

ते परत आल्यावर सौ.ने एकच अट घातली. शस्त्र आमच्या कुलपात राहील, काडतुसांची पेटी तिच्या, आणि तिची किल्ली कोठे असते हे आम्ही विचारावयाचे नाही. आम्ही हसत होकार दिला. ती हसत नव्हती. तेव्हा लक्षात आले की सोनगडचे आम्ही जे लपविले, ते तिला केव्हाच कळले होते. कदाचित त्या रात्री भिंतीपलीकडे तीही जागी असेल.

त्या वर्षीच्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, आम्ही अण्णांना भेस्तानला घेऊन आलो. वय एक्क्याण्णव, पाठीत पोक, दृष्टी अधू, पण झोप लागते म्हणाले. पाटावर वडिलांचा रेल्वेचा कंदील, आमचे जुने शाईचे पेन आणि वेब्ली मांडले होते. सौ.ने झेंडूची फुले वाहिली. अण्णांनी शस्त्र मागितले. आम्ही सौ.कडे पाहिले, तिने मान हलविली.

त्यांनी अंगठ्याने कळ चाचपली. खट् आवाज झाला. सहाही रिकामी घरे बोटाने एकेक करून मोजली, चक्र उजेडाकडे धरून त्यातून खिडकीबाहेर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग नळी मिटवून ते आमच्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून मुलीच्या हातात दिले, आणि चहात या खेपेला साखर बेताची घाल, असे सांगितले.