बिलिंगच्या उतारावरून आकाशात

दिवाळी सरली की दिल्लीवर धुरके दाटू लागते. नोएडा, गुडगावच्या उंच इमारतींच्या गच्चीवरून शेजारची इमारतही कधी कधी अंधुक दिसते. नेमक्या त्याच दिवसांत हिमाचलमधले आकाश स्वच्छ, निळे असते. म्हणून शुक्रवारी रात्री काश्मिरी गेटच्या बस स्थानकावर पाठपिशव्या लावलेल्या तरुणांची गर्दी उसळते. हल्ली त्यांच्यात मुलाबाळांसह निघालेली कुटुंबेही असतात. त्यांना जायचे असते बीडला.

हे बीड मराठवाड्यातले नव्हे! दिल्लीपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर, कांगडा जिल्ह्यात धौलाधार पर्वताच्या पायथ्याशी हे गाव आहे. चहाचे मळे, तिबेटी वसाहत, बौद्ध मठ असा त्याचा शांत संसार. पण त्याचे नाव झाले ते पॅराग्लायडिंगमुळे. ऑक्टोबर 2015 मध्ये या खेळाची विश्वचषक स्पर्धा भारतात प्रथमच झाली, ती इथेच. पुण्या-मुंबईकरांची ही हौस कामशेतच्या टेकड्यांवर भागते. इथला डोंगर मात्र हिमालयाचा.

बीडहून जीप चौदा किलोमीटरचा वळणावळणाचा घाट चढून बिलिंगला पोहोचते. उंची सुमारे 2400 मीटर. उतरायचे ते जवळजवळ हजार मीटर खालच्या मैदानावर. वरच्या गवताळ उतारावर रंगीबेरंगी छत्र्या पसरलेल्या असतात. नवख्याला एकट्याने उडायचे नसते. दोघांच्या छत्रीत प्रवासी पुढे बसतो आणि पायलट त्याच्या पाठीशी. दोघांचे पट्टे एकाच छत्रीला अडकवलेले असतात.

प्रवाशाचे काम एकच, पळणे. पण तेच अवघड जाते. समोर जमीन संपलेली दिसते, पाय आपोआप थबकतात आणि माणूस मटकन खाली बसू पाहतो. पायलट मागून ओरडत असतो, ‘‘दौड़ो, दौड़ो, बैठना नहीं!’’ पळण्यामुळेच छत्रीच्या कप्प्यांत हवा भरलेली राहते आणि ती वजन उचलते. आठ-दहा पावले पडतात न पडतात तोच पाय हवेत चालू लागतात.

मग एकदम शांतता. कानाशी वारा, खाली देवदारांचे शेंडे, मागे धौलाधारच्या कड्यांवर बर्फ. उन्हाने तापलेल्या उतारांवरून गरम हवा वर चढते. ती सापडली की छत्री गोल गोल फिरत उंच जाते. गिधाडे घिरट्या घालताना दिसली की पायलटही छत्री तिकडे वळवतो. पक्ष्यांना वाऱ्याचा ठाव माणसाआधी लागतो. या घिरट्यांनी काहींना मळमळते, तेव्हा भरपेट पराठे नंतर खाल्लेले बरे. पंधरा-वीस मिनिटांत भातखाचरे मोठी होऊ लागतात आणि पाय वर उचलायची सूचना येते.

इथे जीवघेणे अपघातही झाले आहेत, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगायला हवे. पायलटची पर्यटन खात्याकडील नोंदणी पाहायला मागावी. त्यात संकोच कसला? हेल्मेट आहे, मांड्यांचे पट्टे आवळले आहेत, जादा छत्री सोबत आहे, याची खात्री उडण्यापूर्वीच करून घ्यावी. नाडीचे बूट आणि जाड जाकीट हवे. हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी खाली मैदानावरूनच मजा पाहावी. 15 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात पावसामुळे उड्डाणे बंद असतात.

दिल्लीकरांची खरी घाई असते ती सोमवारच्या ऑफिसची. रविवारी रात्रीची परतीची बस ठरलेली असते आणि नेमका त्या दिवशी वारा उलटा फिरतो. अशा वेळी ‘‘आज नहीं’’ म्हणणाऱ्या पायलटशी हुज्जत घालणारे महाभाग असतात आणि दुसरा कोणी तयार होतो का, हे शोधणारेही. त्यापेक्षा एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवून यावे. जवळच बैजनाथला तेराव्या शतकातले दगडी शिवमंदिर आहे. तिथे दर्शन घेऊन आरामात परतावे, गरम चहा घ्यावा आणि सकाळी पुन्हा पायलटला वाऱ्याबद्दल विचारावे.