वाळूत उतरताना

लष्कराच्या हवाई शाखेत माझी बरीचशी उड्डाणं रात्रीची झाली. शिकलो नाशिकच्या गांधीनगरला, पण घडलो राजस्थानच्या वाळवंटात.

नाइट व्हिजन गॉगल चढवला की सगळं हिरवं दिसतं. चांदण्यांचा अंधूक उजेड तो हजारो पटींनी वाढवतो, पण दाखवतो जेमतेम 40 अंशांचा तुकडा, म्हणून मान सारखी फिरवावी लागते. गॉगलचं वजन पुढे, ते तोलायला हेल्मेटच्या मागे आणखी वजन. तास-दोन तासांत मान भरून येते.

मानेचं दुखणं परवडलं. शेवटच्या 50 फुटांत रोटरच्या वाऱ्यानं वाळू उठते आणि जमीन दिसेनाशी होते. हेलिकॉप्टर बाजूला सरकतंय की स्थिर आहे, हे अंगाला कळत नाही. उलट अंग चुकीचंच सांगतं. उंची बघायची तर गॉगलखालून पॅनेलकडे डोकावायचं, आणि तेवढ्यात बाहेरची नजर सुटते. मग कोपायलट मोठ्यानं वाचायचा, "तीस... वीस... डावीकडे सरकतंय, सर!" त्या आवाजावर स्किड टेकवायचे.

पुढे गॉगलमध्येच उंची, वेग आणि क्षितिजाची रेघ दिसू लागली. धुळीत ती रेघ आडवी दिसली की हात आपोआप स्थिर व्हायचा. तरीही कोपायलटचा आवाज मी कधी बंद होऊ दिला नाही.

अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरांची गोष्ट याही पुढची. हवाई दलात ती 2019 साली दाखल झाली, लष्कराला पहिली तीन जुलै 2025 मध्ये मिळाली. पायलटच्या उजव्या डोळ्यासमोर छोटीशी काच असते. तो मान वळवील तिकडे नाकावरचा थर्मल कॅमेरा वळतो. मात्र कॅमेरा डोळ्यांच्या बराच पुढे नि खाली असल्यानं अंतराचा अंदाज नव्यानं शिकावा लागतो. शिवाय उजव्या डोळ्यात कॅमेऱ्याचं चित्र, डाव्यात खरा काळोख. दोन्हींचा मेळ मेंदूनं घालायचा. आणि विजेच्या तारा? पहाटे-संध्याकाळी तारा आणि मागची जमीन सारख्याच तापमानाला आल्या, की थर्मल कॅमेऱ्यालाही त्या चकवतात.

अपाचेला हे सगळं मिळालं, हे उत्तमच. पण रसद पोचवायला, जखमींना उचलायला धुळीत आणि बर्फात उतरतात ती मुख्यतः छोटी हेलिकॉप्टरं. जुन्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांच्या जागी नवी घेताना हेल्मेटमधला डिस्प्ले पहिल्याच दिवसापासून बसवून घ्या. खर्चाची कात्री तिथे लावू नका.