लामार खोऱ्यातली जागल



गेल्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे डेन्व्हरला आले. बाबांची सौंसरजवळ संत्र्याची बाग आहे. आमचा मुलूख मध्य प्रदेशात, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. घरात बोलणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या मराठीच.

मला जंगली प्राण्यांचे फोटो काढायचा नाद आहे. त्यामुळे आई-बाबांना यलोस्टोनला न्यायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "जनावरं पाहाले एवढ्या दूर? आपल्या बागेत तर रोज रात्री येतेत."

खोटं नव्हतं. लहानपणी बाबांबरोबर मी मचाणावर जागल केली आहे. रोही संत्र्याच्या फांद्या मोडायचे, रानडुकरं ठिबकच्या नळ्या उखडायची. डबे वाजवायचे, बॅटरी मारायची, ओरडायचं. जनावर दिसलं की हाकलायचं, एवढंच माहीत. पेंचचं जंगल आमच्याच भागातलं, पण तिथे मी पहिल्यांदा गेलो तो इंजिनिअर झाल्यावर, कॅमेरा घेऊन.

यलोस्टोनच्या ईशान्येला लामार नावाचं मोठं खोरं आहे. लांडगे पाहायचे तर उजाडताना तिथे असावं लागतं. म्हणून गार्डिनरच्या मुक्कामातून पहाटे चारला निघालो. जून असूनही कडाक्याची थंडी होती. आईने शाल, मफलर, मोजे असं सगळं चढवलं होतं. वाटेत बायसनचा कळप रस्त्यातच उभा. बाबा बघतच राहिले. "हा तं आपला गवाच, घोंगडं पांघरलेला!"

इथला नियम साधा आहे: बायसन, एल्क यांच्यापासून किमान २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यापासून किमान ९१ मीटर लांब राहायचं. बायसन कितीही सुस्त दिसला तरी ताशी ५५ किलोमीटरने धावू शकतो. कळप हलेपर्यंत आम्ही गाडीतच बसून राहिलो.

खोऱ्यात पोचल्यावर तिपाईवर ४०० मिमीची लेन्स लावली आणि टेकड्या इंच इंच धुंडाळायला लागलो. तास गेला. काही नाही. बाबा शेजारी उकिडवे बसले होते.

"बाबू, ते मशिन ठेव बाजूला. हरणं पाय."

समोर प्रॉन्गहॉर्न चरत होते, आपल्या काळविटासारखे दिसणारे.

"चरनं सोडलं त्यायनं. सारे एकाच बाजूनं पाहून रायले."

त्यांच्या नजरेच्या रेषेत लेन्स फिरवली. झुडपांच्या मागून एक काळा लांडगा चालत होता, किलोमीटरभर तरी दूर. शेजारच्या एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी त्यांची दुर्बीण बाबांना दिली. बाबा बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "कोनाच्या मागं नाही तो. आपल्या वाटेनं चालला."

त्या गृहस्थांनी माहिती सांगितली, मी बाबांसाठी मराठीत सांगत गेलो. १९२६ पर्यंत इथले लांडगे माणसांनीच मारून संपवले. मग एल्कचे कळप फार वाढले, त्यांनी नदीकाठची झाडं खाल्ली. शेवटी १९९५ साली १४ आणि १९९६ साली १७ लांडगे कॅनडातून आणून सोडले.

"आनून सोडले?" बाबांना पटेना. "मंग ज्याची गाय मारली, त्याले कोन देते?"

इतकी वर्षं फोटो काढतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी तो त्या गृहस्थांना विचारला. त्यांनी सांगितलं, शेजारच्या माँटानात सरकार भरपाई देतं. पण आधी माणूस येऊन तपासतो, लांडग्यानेच मारलं हे सिद्ध व्हावं लागतं. अर्धंमुर्धं खाऊन गेलेलं जनावर उशिरा सापडलं, तर ते अवघडच.

बाबा हसले. "म्हनजे पंचनामा इथंही सुटला नाही!"

माझ्या फोटोत लांडगा म्हणजे एक काळा ठिपका आहे. मित्रांना दाखवतो तेव्हा बोट ठेवून सांगावं लागतं. यलोस्टोनला जाणार असाल तर मोठी लेन्स न्या, चांगली दुर्बीण न्या, पण आधी चरणाऱ्या जनावरांकडे बघा. नजर त्यांची चांगली असते.

आई-बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. दिवाळीच्या सुमारास एका पहाटे, तिकडच्या वेळेने, बाबांचा फोटो आला. अंधार, संत्र्याची दोन झाडं आणि मधे चमकणारे दोन डोळे. लगेच फोन केला.

"रोही होता. तीन झाडं खराब केली त्यानं."

"आणि तुम्ही फोटो काढत बसलात?"

"आधी फोटो काढला," बाबा म्हणाले, "मंग हाकललं."