ट्रेमधली काळी माती

बोन्साय मेलं की मालक मरणाची तारीख हमखास चुकीची सांगतो. "काल लोक तं हिरवंगार होतं भाऊ, आज पाह्यतो तं सारे पानं लोंबले," असं म्हणत कुणीतरी नांदगाव पेठेतल्या माझ्या अंगणात ट्रे आणून ठेवतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे: "पाणी तं रोज टाकतो न मी त्याले." झाड काल मेलेलं नसतं. मुळ्या केव्हाच गेलेल्या असतात. खोडात साठलेल्या ओलाव्यावर वरचा कारभार काही दिवस चालू राहतो, एवढंच.

मी पानांकडे आधी बघतच नाही. नखाने फांदीची साल जराशी खरवडतो. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. कोरडं तपकिरी लागलं तर खोडाच्या दिशेने खाली सरकत जायचं. मग ट्रेमधून गड्डा बाहेर काढायचा. चांगली मुळी टणक आणि टोकाला पांढरट असते. सडलेली मुळी चिमटीत धरून ओढली की साल सुटून येते, आतली बारीक शीर तेवढी मागे उरते आणि बोटांना कुजका वास लागतो. अशा मुळ्या पाणी उचलत नाहीत म्हणून पानं मान टाकतात, आणि पानांनी मान टाकली म्हणून मालक आणखी पाणी ओततो. वऱ्हाडात बोन्साय तहानेने मरतात त्याहून जास्त या मायेने मरतात, असं माझं मत आहे.

उथळ ट्रेचं गणित समजावायला मी भांडी घासायचा स्पंज हातात देतो. ओला करून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळतं. तळाशी पाण्याचा जो थर अडून राहतो त्याची जाडी मातीच्या दाण्यावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. खोल कुंडीत तो खाली पडून राहतो आणि वरच्या मुळ्यांना हवा मिळते. दोन इंचांच्या ट्रेमध्ये सगळा संसार त्या थरातच बुडतो. भोकं वाढवून काही होत नाही, दाणा मोठा करावा लागतो.

आणि आपण भरतो काय? शेतातली काळी माती. तिच्यात कापूस पिकतो, तूर पिकते, मग या एवढ्याशा झाडाला काय झालं, असा सवाल असतो. ही माती ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते. वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात, तसं ट्रेमध्ये मातीचं ढेकूळ कडेपासून सुटतं. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं, भोकातून बाहेर येतं, मालक समाधानाने घरात जातो आणि गड्ड्याचा गाभा ठणठणीत कोरडाच राहतो. एकच माती पावसाळ्यात बुडवून मारते आणि उन्हाळ्यात तहानेने.

हे संत्रावाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. वरूड-मोर्शीकडच्या भारी, निचरा नसलेल्या जमिनीत डिंक्या लागलेली झाडं त्याने पाहिलेली असतात. फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव साचलेल्या पाण्यातच फोफावतो, मुळ्या खातो, बुंध्यातून डिंक गळतो. म्हणून तो बुंध्याला बोर्डोपेस्ट लावतो, चर काढतो. आंबिया बहारासाठी बागेला ताण द्यायचा तर पाणी कधी तोडायचं हेही त्याला कळतं. तोच माणूस घरच्या ट्रेमधल्या वडाला मात्र सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालतो!

माझ्या ट्रेमध्ये विटांचा चुरा असतो. चाळून भुकटी फेकायची, गव्हापासून हरभऱ्याएवढा दाणा ठेवायचा, थोडं जुनं शेणखत मिसळायचं. या मातीला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं, ते खरं आहे. नवतपात तर ट्रे भिंतीच्या सावलीत, जमिनीवर उतरवूनच ठेवायचा. गच्चीच्या स्लॅबवर उथळ ट्रे दोन्हीकडून तापतो आणि मुळ्या शिजतात. वड, उंबर, पिंपळ यांच्या मुळ्या कापायच्या त्या मृग बरसल्यावर. हौसेपोटी एप्रिलमध्ये कात्री चालवणाऱ्याला मी काही बोलत नाही, तो जूनमध्ये येतोच.

दर्यापूर, भातकुलीकडून आलेला ट्रे मला काठावरूनच ओळखू येतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. काठावर पांढरी रेघ उमटते, पानांची टोकं जळतात. शेतातले क्षार पाऊस थोडेफार तरी धुतो, पडवीतल्या ट्रेला तोही मिळत नाही. तिथल्या लोकांना मी पन्हाळीचं पाणी साठवायला सांगतो आणि पावसाळाभर ट्रे उघड्यावर ठेवायला.

ज्युनिपरची गोष्टच वेगळी. विकणारा तो हिरवागार विकतो, घेणारा टीव्हीशेजारी ठेवतो. ते झाड मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. त्याला उघडी हवा आणि खरा हिवाळा लागतो. आपल्याकडे मिळतो तो संक्रांतीपर्यंतचा गारवा.

कुणी म्हणतं, वय झालं असेल. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे, 1625 पासून कुंडीत वाढवलेला. 6 ऑगस्ट 1945 ला तो हिरोशिमात होता, बॉम्ब पडला त्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, नर्सरीच्या भिंतीआड. यामाकी कुटुंबाने 1976 मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. त्यामुळे आठ वर्षांच्या उंबराबद्दल वयाची सबब मी ऐकून घेत नाही.

शेवटी प्रत्येकाला औषध हवं असतं. मी सांगतो: सडकं कापा, चुऱ्यात लावा, सावलीत ठेवा, पानांवर फवारा मारा, आणि नवी पालवी येईपर्यंत कात्री नको, तार नको, खत तर मुळीच नको. जखमी मुळीभोवती खताचे क्षार वाढले की ते तिच्यातलंच पाणी ओढून घेतात. समोरचा मान डोलावतो, ट्रे उचलतो, गाडीला किक मारता मारता विचारतो, "चिमूटभर युरिया तं चालन न भाऊ?"